आधी मोज, मग बदल

सकाळी पावणेआठला हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभे राहा. रोज एकच सीन दिसेल. एकजण घामाघूम होऊन किक मारतोय, दुसरा चोक ओढतोय, तिसरा गाडी आडवी करून हलवतोय. आणि चौथा, ज्याची गाडी एका किकमध्ये सुरू झालेली असते, तो सल्ले देतोय. "प्लग गेला असणार." "अरे, सीडीआय उडाला." "बॅटरीच बदलून टाक ना!" चौघांपैकी एकाच्याही हातात मल्टिमीटर नसतो. आणि म्हणे आपण इंजिनिअर होणार!

मागच्या वर्षापर्यंत त्या चौघांतला एक मी होतो. या लेखात मी काय चुकलो ते आधी सांगतो आणि मग गाडी सुरू होत नसेल तर काय करायचं ते क्रमाने सांगतो. एक आधीच कबूल करतो. मी कॉन्व्हेंटचा. 'प्रज्वलन' हा शब्द मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळला. त्यामुळे गॅरेजमध्ये जे शब्द चालतात तेच इथे वापरतोय. मराठीच्या मॅडमनी माफ करावं.

दोन हजार दोनशे वीस रुपयांचा धडा

माझी गाडी म्हणजे पप्पांची गाडी. १०० सीसी, २०१३ सालची, कार्बोरेटरवाली. किक आहे आणि बटणही आहे. अकरा वर्षं पप्पांनी ती ऑफिसला नेली आणि मी सेकंड इयरला आल्यावर चावी माझ्या हातात दिली. "जपून वापर," एवढंच म्हणाले.

ऑगस्टमध्ये तिने त्रास द्यायला सुरुवात केली. बटण दाबलं की नुसतं टक्-टक्. किक मारली तर कधी पंधरा किकनंतर सुरू, कधी नाहीच. मी प्लग बदलला, १२० रुपये. दोन दिवस बरं वाटलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सीडीआय बदलला, ७५० रुपये. फरक शून्य. शेवटी नवी बॅटरी टाकली, १३५० रुपये. गाडी एकदम मक्खन! पप्पांना फोनवर सांगितलंसुद्धा, "गाडी एकदम ओके आहे."

अठरा दिवस ओके होती. एकोणिसाव्या दिवशी माझ्या रूममेटची एमआयडीसीतल्या एका कंपनीत सकाळी नऊला टेस्ट होती. चौदा किलोमीटर. आदल्या रात्री मीच म्हणालो होतो, "रिक्षा कशाला शोधतोस? मी सोडतो. नवी बॅटरी आहे." सकाळी आठला बटण दाबलं. टक्. किक, किक, किक. पाऊस पडत होता. धक्का मारून बघितला. शेवटी तो फाईल शर्टाच्या आत धरून मेन रोडवर पळाला. पोचला तेव्हा नऊ चाळीस झाले होते आणि आत घेणं बंद झालं होतं.

संध्याकाळी तो आला, बूट काढले, फाईल कपाटात ठेवली आणि म्हणाला, "जेवायला येतोस?" बस्स, एवढंच. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मशीन्स लॅबमध्ये तोंड पाडून बसलो होतो. लॅबच्या मामांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"काय काय बदललंस?"

"प्लग, सीडीआय, बॅटरी."

"आणि मोजलंस काय काय?"

मी गप्प. ओहमचा नियम दहावीपासून पाठ आहे हो!

"मग तू डॉक्टर नाहीस बाळा, तू दुकानदाराचं गिऱ्हाईक आहेस," मामा म्हणाले आणि कपाटातून मल्टिमीटर काढून माझ्या हातात दिला. "आधी मोज, मग बदल."

ठिणगीचा प्रवास

पेट्रोल इंजिनला सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, पुरेसं कॉम्प्रेशन आणि योग्य वेळी पडणारी दमदार ठिणगी. तिन्ही असतील तर ते सुरू व्हावंच लागतं. आपण ठिणगीचा रस्ता बघू.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसं आणि आम्ल वापरून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १९०२ साली बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्डने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली. आपल्या गाडीत या दोघांचेही वारसदार बसलेले आहेत. एक सीटखाली आणि एक इंजिनच्या बाजूच्या कव्हरमागे, ज्याला गॅरेजवाले 'मॅग्नेट' म्हणतात.

सीडीआय डब्यात एक कपॅसिटर असतो. तो दोन-तीनशे व्होल्टला चार्ज होतो. मॅग्नेटजवळच्या पिकअप कॉइलने 'आता!' असा इशारा दिला की तो कपॅसिटर इग्निशन कॉइलमध्ये एकदम रिकामा होतो आणि कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करून प्लगला देते. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेज २५० धरलं, तर अर्धा सीव्ही-स्क्वेअरने ऊर्जा येते सुमारे ३१ मिलिज्यूल. एक किलो साखरेची पिशवी टेबलावरून जेमतेम ३ मिलिमीटर उचलायला लागते तेवढी! एवढ्याशा ऊर्जेवर आपली सगळी धाव चाललेली असते. म्हणून वाटेत थोडी जरी गळती झाली तरी इंजिन रुसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो मला माहीत नव्हता. हा कपॅसिटर चार्ज कोण करतं? काही गाड्यांत मॅग्नेटमधली वेगळी कॉइल करते. हा एसी सीडीआय. अशी गाडी बॅटरी मेलेली असली तरी किकवर सुरू होते. बाकीच्या गाड्यांत बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून कपॅसिटर चार्ज होतो. हा डीसी सीडीआय. इथे बॅटरी फार उतरली की ठिणगीच पडत नाही, मग किक मारून पाय मोडला तरी हरकत नाही. "किक आहे ना, मग बॅटरीचा काय संबंध?" असं मला निदान सहा जणांनी सांगितलं होतं. माझी गाडी डीसीवाली निघाली! आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या दुचाकींमध्ये जवळजवळ सगळीकडे फ्यूएल इंजेक्शन आलं. तिथे पेट्रोलचा पंप आणि ईसीयूसुद्धा विजेवरच चालतात. म्हणजे बॅटरीला आता आणखीच मान द्यायला हवा.

क्रमाने तपासणी

एक नियम: एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि फुकटची गोष्ट आधी तपासायची.

१. डोळ्यांनी बघा. टाकीत पेट्रोल आहे का, कॉक चालू आहे का, किल स्विच कुणी गंमत म्हणून बंद केलाय का, फ्यूज शाबूत आहे का, साइड स्टँडचा स्विच असेल तर स्टँड वर आहे का. हसू नका. निम्म्या वेळा इथेच गाडी सुरू होते.

२. प्लग काढून त्याचा चेहरा वाचा. तपकिरी, चहाच्या रंगाचा असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे चोक अडकलाय का आणि एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा. पेट्रोलने ओला असेल तर इंजिन 'ओव्हर' झालंय. प्लग पुसा, चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-पाच किक मारा. तेलकट असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे संशय जातो. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन फार तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

३. गॅप बघा. बहुतेक छोट्या गाड्यांचा गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. फीलर गेज वर्कशॉपमध्ये आहे, मागितलं की मिळतं.

४. ठिणगी बघा. प्लग कॅपमध्ये बसवा आणि त्याचा आट्यांचा भाग इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा. प्लग इन्शुलेटेड पक्कडीनेच धरा आणि किक मारा. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळट, मेंगळट ठिणगी म्हणजे कमजोरी. मात्र प्लग अर्थ न करता किक मारू नका. हजारो व्होल्टला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ते कॉइल किंवा सीडीआय फोडून वाट काढतात. आणि प्लगच्या भोकापासून ठिणगी लांब ठेवा, कारण आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा.

इथे एक फसवणूक आहे. बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आतही पडतेच असं नाही. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये तीच हवा आठ-नऊ पट दाबून भरलेली असते आणि तिथे दहा हजार किंवा त्याहून जास्त व्होल्ट लागू शकतात. गॅसचा दाब, अंतर आणि व्होल्टेज यांचं हे नातं फ्रीडरिश पाशेनने १८८९ साली मांडलं. फिजिक्सच्या पेपरला ज्याच्यावर आपण पाणी सोडतो तोच हा पाशेन! म्हणून बाहेर अंधुक ठिणगी दाखवणारा जुना प्लग आत दगा देतो.

५. ठिणगीच नसेल तर उलट्या दिशेने चालत जा. आधी प्लग कॅप, मग वायर, मग कॉइल, मग सीडीआय आणि शेवटी पिकअप कॉइल. पावसाळ्यात कॅपमध्ये पाणी शिरतं, ते कोरडं करा. कॅप वायरवर स्क्रूसारखी बसलेली असते आणि सैल होते. वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा पिळून बसवली की कित्येकदा काम होतं. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. सीडीआय सगळ्यात शेवटी, कारण तो साध्या मीटरने तपासता येत नाही. तसाच दुसऱ्या गाडीचा चालू सीडीआय दोन मिनिटं लावून बघणं हा सोपा उपाय. मी नेमकं उलटं केलं होतं, सगळ्यात शेवटच्या संशयिताला दुसऱ्याच दिवशी फाशी दिली!

बॅटरीची नाडी

१२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. गाडी बंद करून दोन-तीन तास झाल्यावर मोजा.

१२.६ ते १२.७ : पूर्ण चार्ज
१२.४ : सुमारे पाऊण
१२.२ : सुमारे अर्धी
१२.० : सुमारे पाव
११.९ च्या खाली : उतरली, लगेच चार्जिंगला लावा

बघा, भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टचासुद्धा फरक नाही. "बारा दाखवतंय, म्हणजे ठीक आहे" असं म्हणणारा फसला.

दुसरं माप बटण दाबताना. त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा पुरेशी चार्ज नाही.

तिसरं माप सगळ्यात उपयोगी आणि ते कुणीच घेत नाही. गाडी सुरू करा, थोडी रेस द्या आणि मीटर बॅटरीच्याच टर्मिनलला लावा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. याहून कमी म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही. १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उकळून उडतंय.

माझ्या गाडीत काय सापडलं?

मामांच्या समोर मापं घेतली. उतरलेली बॅटरी ११.७. रात्रभर लॅबमध्ये चार्ज करून सकाळी १२.७. म्हणजे बॅटरी चांगली. गाडी पहिल्या किकला सुरू! रेस दिली आणि टर्मिनलला मीटर लावला तर १२.५. चौदाच्या जवळपाससुद्धा नाही.

मी लगेच म्हणालो, "रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला. बदलतो."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा वाकलो. मीटरची पिन रेग्युलेटरच्या सॉकेटमध्ये मागून घातली. तिथे होते १४.४! रेग्युलेटर बिचारा आपलं काम करत होता. १४.४ आणि १२.५ मधले १.९ व्होल्ट वाटेतच कुणीतरी खात होतं. सॉकेट ओढून काढलं. एका पिनेवर हिरवट गंज चढलेला आणि प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. सर्किटमध्ये दीड अँपिअर धरला तर रेझिस्टन्स होतो सुमारे १.३ ओहम आणि त्या पिनेत उष्णता होते जवळजवळ ३ वॅट. प्लॅस्टिक भाजलं ते त्यामुळेच. बॅटरीपर्यंत जे पोचत होतं ते सीडीआय, हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मिळून संपवत होते. बॅटरी रोज थोडी थोडी उतरत होती. नवी बॅटरी भरलेली आली होती म्हणून अठरा दिवस तगली, इतकंच.

पिन बारीक पॉलिश पेपरने घासली, सैल झालेली पकड हलकेच दाबून घट्ट केली, सॉकेट बसवलं आणि पुन्हा मोजलं. १४.२.

खर्च शून्य. वेळ वीस मिनिटं. आणि माझ्या कपाटात चांगला प्लग, चांगला सीडीआय आणि चार्ज केली असती तर बहुधा चालली असती अशी जुनी बॅटरी पडलेली. ती बॅटरी दोन महिने तशीच उतरलेली राहिली आणि खरोखरच मेली. उतरलेल्या बॅटरीत प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे होतात आणि मग ते चार्जिंगने विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी वापरून जितकी मरते त्याहून जास्त उतरलेली ठेवून मरते. हे मी १३५० रुपये भरून शिकलो, तुम्ही फुकट शिका.

बॅटरी सांभाळायची कशी?

सुट्टीला जाताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. दिवाळीची सुट्टी चालून जाते, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगून जा. उष्णतेने बॅटरी जास्त वेगाने आपोआप उतरते आणि आपल्याकडचा मे महिना काही विचारू नका.

चार्जिंग सावकाश करा. सोपा हिशेब म्हणजे बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. गाडी लवकर हवी म्हणून ट्रकच्या चार्जरला लावली तर ती तापते.

झाकणं असलेल्या बॅटरीत पाणी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. नळाचं नको, मेसच्या फिल्टरचं नको आणि ॲसिड तर मुळीच नको, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सीलबंद मेन्टेनन्स-फ्री बॅटरी उघडू नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने धुवा. सेलची झाकणं बंद हवीत, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून टर्मिनल घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. नाहीतर पाना फ्रेमला टेकला की आतषबाजी!

गाडी दोन दिवस उभी राहूनही बॅटरी उतरत असेल तर चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. जेमतेम काही मिलिअँपिअर दिसले तर ठीक. जास्त असेल तर हौसेने लावलेला एलईडी, मोबाइल चार्जर किंवा अलार्म संशयित. मीटर असा लावलेला असताना बटण दाबू नका, मीटर जाईल.

बॅटरी कमजोर असेल तर बटण सारखं सारखं दाबू नका. उरलेलं सगळं स्टार्टर पिऊन टाकतो आणि ठिणगीला काहीच उरत नाही. आणि गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग होतंय का' बघणारे काही वीर आहेत. व्होल्टेज उसळून सीडीआय किंवा ईसीयू जाऊ शकतो.

शेवटचं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हॉस्टेलच्या बंद खोलीत, कॉटखाली चार्जिंग नको. जवळपास सिगरेट तर नकोच. ॲसिड हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धूत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा.

जाता जाता

पप्पांना फोन करून खरं ते सांगितलं. २२२० रुपयांचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते सॉकेट मी एकदा घासलं होतं. तुला सांगायचं राहून गेलं."

जानेवारीत रूममेटची दुसऱ्या कंपनीत टेस्ट होती. पुन्हा एमआयडीसी, पुन्हा सकाळी नऊ. "मी सोडतो" म्हणायचं धाडस मला होईना. आदल्या रात्री तोच म्हणाला, "मीटर कुठंय तुझा?" आम्ही टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो. सीट काढली, त्याने स्वतः पिना टेकवल्या. १२.७. गाडी सुरू करून पुन्हा टेकवल्या. १४.२.

"सकाळी सातला निघू," तो म्हणाला.

मल्टिमीटर अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतो. आमच्या मजल्यावर आता एक आहे, माझ्या खोलीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला. कुणीही न्यावा. फक्त परत आणून लावावा आणि आधी मोजावं, मग बदलावं!